अक्काची बाजू

१२ जानेवारी

अक्का,

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी तुरुंगातल्या कुठल्यातरी शिपाईबाईंनी वाचलेलं असणार. तेव्हा आधी त्यांना नमस्कार, मग तुला.

मी उंटीण. विसरली नसशील. लाँड्रीत वरच्या फळीवरचे टॉवेल काढायला तू स्टूल आणवलं नाहीस, मला उभं केलंस. हे नावही तूच ठेवलंस आणि आता ते पुसलं जात नाही. इथे पडद्यांच्या दुकानातही मला हेच म्हणतात. उंची तीच आहे, काय करणार.

तू मला लिहायला सांगितलेलं नाहीस आणि मलाही हौस आलेली नाही. कोर्टात मी तुझ्याविरुद्ध बोलले. जे विचारलं ते सांगितलं. मुलींना कामाला कोण लावायचं? अक्का. मशीनवर कोणी उभं राहायचं हे कोण ठरवायचं? अक्का. आजारी पडलं तर सुट्टी कोण नाकारायचं? अक्का. मालकाबद्दल, म्हणजे साहेबांबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, ते अधूनमधून यायचे, दारात उभे राहायचे, रुमाल नाकाला लावायचे आणि जायचे. तेही खरंच होतं. लाँड्रीचा परवाना तुझ्या नावावर निघाला हे मला तिथेच कळलं. मग तू आत गेलीस. साहेबांवर आपल्या जागेकडे लक्ष न दिल्याचा ठपका आला आणि ते घरी गेले.

परवा तुझी वकीलबाई आली. सरकारने दिलेली आहे, तरी कामाची वाटली. पायात चप्पल, खांद्याला भलीमोठी पिशवी, आणि चहा पूर्ण पिऊन गेली. वरच्या कोर्टात अपील केलंय म्हणाली. तिने विचारलं, “अक्का मालकाची माणूस होती की तुमच्यातलीच एक?”

मी म्हटलं, “ती आमच्या शेजारी झोपायची आणि आमच्यावर ओरडायची. तुम्ही कुठल्या खान्यात घालता बघा.”

ती हसली नाही. म्हणाली, “हेच कोर्टात सांगाल?”

मी विचार करून सांगते म्हटलं. विचार करायला खोलीत आले तर चिमणी दारातच उभी. आम्ही दोघी एकाच खोलीत राहतो हे तुला ठाऊक नसेल. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. चादरी दाबायच्या तापलेल्या रोलरमध्ये तो हात गेला तेव्हा दवाखान्यात न्यायला नको कोण म्हणालं, ते तिला पाठ आहे. तिने वकीलबाईंना जिन्यात पाहिलं होतं.

“तिच्या बाजूने एक शब्द बोललीस तर मी माझी गादी उचलून चालती होईन,” म्हणाली.

गादी तिचीच आहे, हे खरं. मला वेगळी नाही.

शनिवारी मी एका संस्थेबरोबर भाषणं द्यायला जाते. शाळा, बस डेपो, कारखान्यांची कॅन्टीन, जिथे बोलावतील तिथे. माणसं कशी फसवून नेतात, कशी राबवतात, कुठे फोन करायचा, हे सांगायचं. पोस्टरवर साखळीने बांधलेले दोन हात आहेत. हात फार देखणे आहेत, नखंसुद्धा कापलेली. मी संस्थेच्या ताईंना म्हटलं, आम्हाला साखळी नव्हती, मागचं दार दिवसभर सताड उघडं असायचं, नाहीतर वाफेने जीव गेला असता. उघडं दार छापा. त्या म्हणाल्या, “उघडं दार बघून रस्त्यात कोणी थांबतं का गं?” त्यांचंही बरोबर आहे.

पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच येतो. दार उघडं होतं तर पळाली का नाहीस? मी सांगते की आमची कागदपत्रं साहेबांच्या कपाटात होती. घराचा पत्ता त्यांना माहीत होता, घरी कोण कोण आहे तेही. आणि बाहेर पडलात तर पोलीस आधी तुम्हालाच धरतील, हे रोज कानावर पडायचं. रोज ऐकलं की खरं वाटतं. मुलं माना डोलावतात. कोण ऐकवायचं ते मी सांगत नाही, कारण ते कोणी विचारत नाही.

ऐकवायचीस तू.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

उंटीण


३ फेब्रुवारी

अक्का,

हे पत्र वकीलबाईंच्या हाताने पाठवतेय. त्यांच्या पिशवीतलं कोणी उघडत नाही म्हणतात. म्हणून सरळ लिहिते.

त्या पुन्हा आल्या होत्या. म्हणाल्या, तू त्यांच्याशी बोलत नाहीस. जवळचं माणूस कोण विचारलं तर कोणी नाही म्हणतेस. गुन्हा कबूल आहे म्हणतेस. साहेबांचं नाव काढलं की पदराची किनार बघत बसतेस. पण शिवणकामाच्या खोलीत उरलेल्या कापडाचा तू एका मुलीचा झगा शिवतेस, शिवून झाला की सगळी शिवण उसवतेस आणि कापड परत ठेवून देतेस. तिथल्या बाईंनी वकीलबाईंना सांगितलं. गेल्या वर्षीपेक्षा यंदाचा मापाने मोठा होता, असंही सांगितलं. त्या बाईंना तुझं डोकं फिरलंय असं वाटतं.

वकीलबाई म्हणाल्या, “तिला मुलगी होती का?”

मी नाही म्हणणार होते. मग मला साहेबांच्या मॅडमच्या घराचं दार आठवलं.

गाडीवरचा माणूस आला नव्हता म्हणून तू मला बरोबर घेतलंस, तो दिवस. हॉटेलांचे गठ्ठे टाकून झाले आणि साहेबांच्या घरच्या चादरी राहिल्या होत्या. लिफ्ट बंद होती. मी गठ्ठा डोक्यावर घेऊन तुझ्या मागे चढत होते, मला तुझी फक्त टाच दिसत होती. दार एका मुलीने उघडलं. आठ-नऊ वर्षांची असेल. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, बाह्या वर दुमडलेल्या, हात ओले. तू म्हणालीस, “पाणी देतेस का गं?” ती म्हणाली, “मॅडम घरात नाहीत.” तू तरीही उभी राहिलीस. ती पुन्हा म्हणाली, “मॅडम घरात नाहीत ना,” आणि दार लोटलं.

खाली येऊन तू गाडीत बसलीस आणि मांडीवर उशीचा अभ्रा घेऊन त्याची घडी घालायला लागलीस. घातली, मोडली, घातली. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणालीस, “तोंड आवर.” मला वाटलं, मॅडमना घाबरलीस. त्या दिवशी लाँड्रीत परत येऊन तू आम्हा सगळ्यांना असं काही फैलावर घेतलंस की मी बाकीचं विसरून गेले.

आता आठवलं की कपाळ तुझंच होतं. इतकं रुंद कपाळ मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही.

ती तुझी आहे का? मला लिहू नकोस. वकीलबाईंना फक्त हो किंवा नाही सांग.

उंटीण


११ फेब्रुवारी

अक्का,

निरोप मिळाला. “तिला म्हणावं, तू पुष्कळ बोललीस. आता तोंड बंद ठेव. माझ्या अपिलाच्या नादी लागू नकोस.”

हो किंवा नाही विचारलं होतं. तू एवढी वाक्यं बोललीस. वकीलबाई म्हणाल्या, त्यांनी आजवर तुझ्याकडून ऐकलेलं हे सगळ्यात मोठं बोलणं. म्हणजे हो.

आता मला कळलं की परवान्यावर सही का केलीस, आणि रोज गाडीत बसून शहरभर हिंडून रोज परत का यायचीस. कोर्टात तोंड का उघडलं नाहीस तेही. ती अजून त्यांच्याकडे आहे. तू बोललीस तर तिचं काय करतील, याची तुला भीती वाटते. भीती खोटी नाही. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

पण मी तोंड बंद ठेवणार नाही. तू आत आहेस, साहेब बाहेर आहेत आणि ती मोठी होत चाललीय. अजून दोन-चार वर्षांनी ती त्यांच्या दुसऱ्या कुठल्या जागेत अक्का होईल.

ताईंना सांगितलं. त्या लगेच उठल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, “नुसती तक्रार करून गेलो की काय होतं माहीत आहे ना? दार वाजतं, बाईसाहेब चहा विचारतात, मुलगी गावाला गेलीय म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती खरंच कुठेतरी गेलेली असते. रोज तिला बघणारं माणूस हवं. शेजारचं.”

मग त्यांनीच वाट काढली. मॅडमच्या इमारतीत बायकांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा दुपारी खालच्या हॉलमध्ये जमतात आणि कोणालातरी बोलायला बोलावतात. मागच्या वेळी दातांचे डॉक्टर येऊन गेले. ताईंनी फोन करून आमचा विषय सांगितला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, “चालेल, पण फार भयंकर नको हं, आमच्यात वयस्कर आहेत.”

तर दातांनंतर आम्ही.

तुला राग येईल. येऊ दे. तुझ्या रागाची मला सवय आहे.

उंटीण


२५ फेब्रुवारी

अक्का,

आधी शेवट सांगते, म्हणजे तू मधलं नीट वाचशील. छोटी सुखरूप आहे. मॅडमच्या घरातून बाहेर पडली आहे. मुलींच्या वसतिगृहात आहे, तिथे दाराशी बाईमाणूस असतं आणि साहेबांना आत सोडत नाहीत. त्या घरात तिला छोटी म्हणायचे, म्हणून मीही सध्या तेच लिहितेय. तू ठेवलेलं नाव काय ते तिला आठवत नाही.

आता मधलं.

हॉलमध्ये निळ्या खुर्च्या होत्या, वर पंखा, आणि कोपऱ्यात टेबल टेनिसचं टेबल उभं करून ठेवलेलं. वीसेक बायका असतील. एकीने विणकाम आणलं होतं. मी नेहमीचं बोलायला लागले. कामाचं आमिष कसं दाखवतात, कागद कसे काढून घेतात, मग माणूस आपणहून कसा गप्प होतो. बोलणं अर्ध्यावर आलं असताना मॅडम आल्या.

मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कुठून? त्यांनी मला कधी पाहिलं असेल तर डोक्यावर गठ्ठा घेतलेलं. दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. मला वाटलं होतं, त्यांना बघून माझी बोबडी वळेल. तसं काही झालं नाही. फक्त त्या दिवशी मी पाणी जास्त प्यायले.

बोलणं संपल्यावर ताईंनी विचारलं, कोणाला काही शंका? दार उघडं होतं तर, हे एकीने विचारलंच. मग मॅडमनी हात वर केला.

“नाही, पण मला एक सांगा,” म्हणाल्या. “एखाद्या गरिबाच्या लेकराला आपण घरात ठेवतो, जेवूखावू घालतो, वळण लावतो. त्यालाही तुम्ही हेच नाव देणार का? मग माणसाने कोणाचं भलं करायचंच नाही.”

दोन-तीन बायकांनी “हो ना” म्हटलं. विणणारीने सुया थांबवल्या.

मी म्हटलं, “नाव राहू द्या. त्या लेकराला उद्या घरी जायचं म्हटलं तर जाता येतं का, एवढं बघायचं. ते शाळेत जातं का, त्याच्याशी जिन्यात बोललं तर ते स्वतःचं उत्तर देतं का. हे शेजाऱ्यांनाही बघता येतं.”

“शेजाऱ्यांनी आपापलं बघावं,” मॅडम म्हणाल्या. हसूनच म्हणाल्या. मग त्यांना फोन आला, किंवा आला असं त्यांनी दाखवलं, आणि त्या उठून गेल्या.

लोक उठले, खुर्च्या सरकल्या. मी पोस्टर गुंडाळत होते. एक म्हाताऱ्या बाई माझ्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या. पूर्वी हॉस्पिटलात नर्स होत्या, आता एकट्याच राहतात. माझ्याकडे न बघता, गुंडाळलेल्या पोस्टरकडे बघत बोलल्या.

“माझ्या डोक्यावरच राहतात त्या. आत्ता बोलल्या त्या. त्यांच्याकडे एक मुलगी आहे. मला वाटायचं नात्यातली असेल. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते तेव्हा जिन्यात दिसते. मी एकदा विचारलं, कितवीत गं तू? तर म्हणाली, मॅडमना विचारा. तिची इयत्ता मी मॅडमना विचारायची. मला ते तेव्हाच खटकलं होतं. पण लोकांच्या घरात आपण कशाला नाक खुपसा, म्हणून गप्प राहिले.”

ताईंनी विचारलं, “हे तुम्ही अधिकाऱ्यांना सांगाल?”

“फोन लावून द्या,” नर्सबाई म्हणाल्या. “चष्मा वर राहिलाय माझा.”

मॅडम सावध झाल्या होत्या, म्हणून उद्यावर ढकलण्यात अर्थ नव्हता. नर्सबाईंनी जिन्यातल्या आपल्या दारात खुर्ची टाकली आणि भाजी निवडत बसल्या. वरून कोणी खाली आलं असतं तर त्यांच्यासमोरूनच गेलं असतं. ताई फाटकाशी. मी हॉलमध्येच, निळ्या खुर्च्या एकावर एक रचत. बालकल्याण खात्याच्या बाई पोलिसांना घेऊन आल्या तेव्हा अजून ऊन होतं. मॅडमनी चहा विचारला. मुलगी गावाला गेलीय म्हणाल्या. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि कोणीतरी गॅस बंद केला.

“आत कोण आहे?” खात्याच्या बाईंनी विचारलं.

मॅडम दारातून बाजूला झाल्या.

छोटीला म्हणाले, तुझं सामान घे. तिने कपाटाशी जाऊन बराच वेळ काढला. मग बाहेर येऊन म्हणाली, “यातलं माझं कुठलं ते मॅडमना विचारून सांगते.” हे मला खात्याच्या बाईंनी नंतर सांगितलं.

उंटीण


१६ मार्च

अक्का,

वकीलबाई म्हणाल्या, बातमी ऐकून तू खुर्चीवरून उठलीस आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. मुलाखतीची वेळ संपत आली तेव्हा बसलीस आणि बोलायला लागलीस. पहारेकरीण मध्ये आली तर तिला म्हणालीस, “जरा थांब, माझं चाललंय.” ते ऐकून मला बरं वाटलं. तुझा तो आवाज शाबूत आहे तर.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. नवरा गेल्यावर तू कडेवर पोर घेऊन त्या लाँड्रीत आलीस, हॉटेलात काम म्हणून. वाफेत पोर सारखं आजारी पडायचं. साहेब म्हणाले, मॅडमकडे ठेव, शाळेत घालू. तू हो म्हणालीस. कोण नाही म्हणालं असतं? आणि त्यानंतर तुला काहीही करायला सांगितलं की शेवटी एवढंच म्हणायचे, “छोटी मजेत आहे.”

आता तुला न आवडणारं. तिला सांगितलं गेलंय की आईने तिला टाकलं. नंतर, तुला शिक्षा झाल्यावर, आई मुली विकायची म्हणून तुरुंगात आहे असं सांगितलं. ती म्हणते, “मला आई नाही.” रडून वगैरे नाही. पत्ता सांगावा तसं सांगते. मी तिला खरं काय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ती त्या मुलींवर ओरडायची, ते खोटं?” मी म्हटलं, “नाही, ते खरं.” ती म्हणाली, “मग?”

चिमणीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती पाठ करून झोपली होती. दुसऱ्या दिवशी दुकानातून आले तर ती खोलीत नव्हती. मला वाटलं, गेली. गादी जागेवर होती, तरी वाटलं. संध्याकाळी आली. वसतिगृहात जाऊन आली होती.

“तिचे हात बघितलेस का?” म्हणाली. “साबणाने सालपटं निघालीत. माझं मलम देऊन आले.” आणि मग, चपला काढता काढता, “त्या बाईसाठी गेले नव्हते मी. उगाच काही समजू नकोस.”

मी काही समजले नाही. आता ती दर रविवारी जाते.

उंटीण


२० जून

अक्का,

काल तुला कोर्टात आणलं नाही. गाडी नव्हती म्हणे. तुझ्याच खटल्याला तू सोडून सगळे होते. वकीलबाई तुला निकाल सांगतीलच, पण त्या कायद्याचं सांगतील. मी दिसलं ते सांगते.

मला सरकारी वकिलांनी विचारलं, “आरोपी रोज गाडीने बाहेर जायची. रस्त्यात पोलीस चौकी होती. तिला पळायचं असतं तर पळता आलं असतं, हे खरं ना?”

मी म्हटलं, “मागचं दार उघडं होतं. पळायचं असतं तर मलाही पळता आलं असतं. मला तुम्ही साक्षीदार केलंत, तिला आरोपी.”

न्यायाधीशांनी सांगितलं, फक्त उत्तर द्या. मग मी म्हटलं, “तिची मुलगी मालकाच्या घरात होती. ती परत यायची ती मुलीसाठी.” तुझा स्वभाव चांगला होता असं मी म्हटलं नाही. खोटं बोलायचं नव्हतं. तू आमच्याच ताटातलं जेवायचीस, आमच्याच ओळीत झोपायचीस, तुझीही कागदपत्रं त्याच कपाटात होती, आणि तू आम्हाला भीती घालायचीस, हे सगळं एकापाठोपाठ सांगितलं.

मग चिमणी उठली. ती येणार हे मला माहीत नव्हतं. वकीलबाईंना माहीत होतं, दोघींनी मला सांगितलं नाही. तिने हात पुढे करून दाखवला. म्हणाली, “हात भाजला तेव्हा हिने मला दवाखान्यात नेऊ दिलं नाही. नेलं असतं तर बोटं वाचली असती, असं डॉक्टर म्हणतात. हे खरं आहे. साहेबांनी फोनवर नको सांगितलं आणि ही फोन धरून, पाया पडते म्हणत होती, तेही मी ऐकलंय. आधीच्या वेळी मला कोणी ते विचारलं नाही.”

“म्हणजे तुमची आरोपीबद्दल तक्रार नाही?” तुझ्या वकीलबाईंनी विचारलं.

“आहे,” चिमणी म्हणाली. “मी तिला माफ केलेलं नाही. हेही लिहून घ्या.”

टाइप करणाऱ्याने न्यायाधीशांकडे पाहिलं. ते म्हणाले, “लिहा.”

शिक्षा रद्द झाली नाही, कमी झाली. वर्ष सरायच्या आत सुटशील. साहेब आणि मॅडमवर नवा खटला उभा राहतोय. साहेबांना या वेळी जामीन मिळाला नाही. मॅडमना मिळाला. त्या इमारतीत त्यांच्याशी आता कोणी बोलत नाही, असं नर्सबाई म्हणतात. पण आधी इतकी वर्षं सगळ्या बोलत होत्या, हेही त्याच म्हणतात. त्या आता शनिवारी आमच्याबरोबर येतात. भाषण करत नाहीत. कार्यक्रम संपला की दाराशी उभ्या राहून प्रत्येकीला विचारतात, “तुमच्या वरच्या मजल्यावर कोण राहतं?” लोक दचकतात. मला वाटतं, माझ्या भाषणापेक्षा तेच लक्षात राहत असेल.

उंटीण


९ ऑगस्ट

अक्का,

छोटी शाळेत जाते. वयाने लहान मुलांमध्ये बसावं लागतं, त्यामुळे पहिले काही दिवस तिला सगळ्या कंपास पेट्या आवरून ठेवाव्याशा वाटायच्या. बाईंनी तिला सांगितलं, इथे कोणाचं काही आवरायचं नाही. आता पसाराही करते म्हणतात. चिमणीशी भांडते. चिमणी मला येऊन सांगते, “काय तोंड आहे गं त्या पोरीचं!” आणि खूश असते. मला ती मावशी म्हणते, चिमणीला नुसतं चिमणी.

वकीलबाईंनी तुझ्याकडून तिचं खरं नाव आणलं. तिने ते मोठ्याने म्हणून बघितलं. अजून वापरत नाही, पण वहीच्या शेवटच्या पानावर बऱ्याच वेळा लिहिलेलं मी पाहिलं. चोरून पाहिलं, म्हणून तुलाही तिच्या पाठीमागे सांगतेय.

तू विचारलंस की सुटल्यावर कुठे जाशील ते ठरवावं लागेल का. लागेल. आमच्या खोलीत आणखी एक गादी मावत नाही आणि चिमणी ऐकायचीही नाही. ताई एका जागेची चौकशी करतायत. इस्त्रीचं काम नको, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. तुला चालणार असेल तर स्वतः सांग.

पुढच्या महिन्यात भेटीचा दिवस आहे. आम्ही येतोय. खाली छोटीने स्वतः लिहिलंय. मी वाचलेलं नाही, तिने हाताने झाकून लिहिलं. अक्षर मोठं आहे, सांभाळून घे.

उंटीण

तुला काय म्हणायचं ते मी अजून ठरवलेलं नाही म्हणून वर नाव लिहिलं नाही. भेटीच्या दिवशी मी मावशीबरोबर येणार आहे. फाटकापर्यंत नक्की येणार. आत येईन का ते तिथे आल्यावर ठरवीन. मला कोणी ये म्हणायचं नाही आणि येऊ नको पण म्हणायचं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. तू पण म्हणू नकोस.